वेगळे राहणे आणि वेगळे होणे: ‘सेपरेशन’ व ‘डिव्होर्स’ यांतील कायदेशीर अंतर

‘सेपरेशन’ आणि ‘डिव्होर्स’ हे दोन इंग्रजी शब्द मराठी घरांत आता इतके रुळले आहेत की त्यांचा अर्थ विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. मुलगी माहेरी परत आली की नातेवाईक ‘त्यांचं सेपरेशन झालं’ असे सांगतात, आणि वर्ष-दोन वर्षांनी तेच नातेवाईक ‘डिव्होर्सी आहे, पण मुलगी गुणाची’ असे म्हणत तिच्यासाठी दुसरे स्थळ पाहू लागतात. मधल्या काळात कोर्टात एक साधा अर्जही दाखल झालेला नसतो. बोलण्यात खपून जाणारी ही सरमिसळ पुढे वारसा, पोटगी किंवा दुसरे लग्न यांचा प्रश्न उभा राहिला की फार महागात पडते.

विवाहाकडे कायदा दोन पदरांनी पाहतो. पती-पत्नी हे नाते हा पहिला पदर असून वारसाहक्क, जोडीदार हयात असताना दुसरे लग्न न करण्याचे बंधन, सरकारदरबारी पत्नी किंवा पती म्हणून मिळणारी ओळख, हे सारे त्यातून निघते. दुसरा पदर एकत्र नांदण्याच्या कर्तव्याचा आहे. डिव्होर्स, म्हणजे घटस्फोट, पहिला पदरच तोडतो, त्यामुळे दुसरा वेगळा तोडावा लागत नाही. सेपरेशनमध्ये नाते शाबूत राहते आणि केवळ नांदण्याचे कर्तव्य थांबते. गोंधळ वाढतो तो यामुळे की आपल्याकडे सेपरेशन हाच शब्द दोन अगदी भिन्न परिस्थितींना लावला जातो. कोर्टाच्या हुकूमनाम्याने मिळणारी न्यायालयीन विभक्तता ही त्यांतली एक, आणि कोणताही हुकूमनामा नसताना नवरा-बायकोने नुसते वेगवेगळे राहणे ही दुसरी. म्हणजे शब्द दोन असले तरी अवस्था तीन आहेत, आणि कोणाची अवस्था नेमकी कोणती आहे हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

या दोन शब्दांची जोडी आपल्याकडे आली ती इंग्लंडमधून, आणि तेथे तिचे मूळ चर्चच्या न्यायालयांत आहे. विवाह हा मनुष्याने तोडण्याजोगा नाही अशी चर्चची भूमिका होती. परंतु मारहाण करणाऱ्या किंवा व्यभिचारी जोडीदाराबरोबर राहण्याची सक्ती करणेही कठीण होते. म्हणून चर्चची न्यायालये भोजन आणि शय्येपुरती फारकत देत असत. ती मिळालेली माणसे वेगळी राहू शकत, पण दोघांपैकी कोणालाही दुसरे लग्न करता येत नसे. विवाह खरोखर मोडून हवा असेल तर पार्लमेंटकडून स्वतःपुरता खास कायदा मंजूर करून घ्यावा लागे, आणि तो खर्च झेपणारी कुटुंबे मूठभर होती. १८५७ च्या कायद्याने हे अधिकार चर्चकडून काढून दिवाणी न्यायालयाकडे दिले, जुन्या फारकतीला ‘ज्युडिशियल सेपरेशन’ हे नाव दिले आणि तिच्या जोडीला सामान्य माणसाला न्यायालयातून मिळू शकेल असा घटस्फोट आणला. बारा वर्षांनी, १८६९ मध्ये, भारतातील ख्रिस्ती लोकांसाठी झालेल्या कायद्यात हीच जोडी जशीच्या तशी उतरली. तिच्याबरोबर पक्षपातही आला. पतीला घटस्फोटासाठी पत्नीचा व्यभिचार पुरेसा होता, पत्नीला मात्र व्यभिचाराखेरीज क्रौर्य किंवा परित्याग यांसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. इंग्लंडने हा भेद विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच काढला. आपल्याकडे तो जाण्यास २००१ उजाडले.

सेपरेशन आणि डिव्होर्स या दोन्ही वाटा बंद असल्या म्हणजे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचे आहे. रखमाबाईंचे लग्न वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले, परंतु त्या त्यांच्याकडे नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी पत्नीने नांदायला यावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, पण अपिलात निकाल फिरला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला, आणि रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. या तडजोडीने त्यांची तुरुंगवारी टळली, पण विवाह मोडला नाही, कारण त्यांना लागू असलेल्या हिंदू कायद्यात तो मोडण्याची सोयच नव्हती. दादाजींनी दुसरे लग्न केले, जे त्या काळी पुरुषाला मुभा असल्याने वैध होते; रखमाबाईंना ती मुभा नव्हती. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर, ज्या माणसाच्या घरी त्या कधी नांदल्या नाहीत त्याच्यासाठी त्यांनी वैधव्याची पांढरी साडी नेसली, अशी नोंद त्यांच्या चरित्रात सापडते.

याचा अर्थ सगळ्या हिंदू समाजात विवाह अभंग होता असा नव्हे. महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड आणि सोडचिठ्ठी रूढ होती आणि पुनर्विवाहासाठी पाट किंवा मोहतूर लावला जाई. अडचण होती ती प्रामुख्याने ज्या जाती स्वतःला वरच्या समजत त्यांच्या स्त्रियांची. कायद्याने प्रथम वाट दिली तीही सेपरेशनची. १९४६ च्या एका केंद्रीय कायद्याने विवाहित हिंदू स्त्रीला ठरावीक कारणांसाठी वेगळे राहून पतीकडून पोटगी मागण्याचा हक्क मिळाला. १९४७ मध्ये मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. संपूर्ण देशासाठी हिंदू विवाह कायदा आला तो १९५५ च्या मे महिन्यात, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रखमाबाईंचे निधन झाले.

हा १९५५ चा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू होतो. त्याच्या कलम १० मध्ये न्यायालयीन विभक्तता आहे आणि कलम १३ मध्ये घटस्फोट. वाचकाला नवल वाटेल, परंतु १९७६ च्या दुरुस्तीनंतर दोहोंची कारणे सारखीच आहेत: व्यभिचार, क्रौर्य, सलग दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार वगैरे. म्हणजे सेपरेशन हा हलक्या तक्रारींसाठी ठेवलेला सौम्य उपाय आहे, हा समज बरोबर नाही. पुरावा दोन्हीकडे तितकाच लागतो. फरक मागण्यात आहे, आणि तो अर्ज करणाऱ्याने स्वतः ठरवायचा असतो. क्वचित न्यायालयही तो ठरवते: घटस्फोटाचा अर्ज समोर असताना, काही कारणे वगळता, न्यायालयाला योग्य वाटल्यास ते घटस्फोटाऐवजी विभक्ततेचा हुकूमनामा देऊ शकते. लग्नानंतर पहिल्या वर्षात घटस्फोटाचा अर्ज, असाधारण हालअपेष्टांची प्रकरणे सोडल्यास, करता येत नाही. विभक्ततेच्या अर्जाला असा अडसर नाही. लग्नानंतर चारच महिन्यांत मारहाणीमुळे घर सोडावे लागलेल्या मुलीला ही तरतूद उपयोगी पडू शकते.

न्यायालयीन विभक्ततेचा हुकूमनामा झाल्यावर पती आणि पत्नी यांच्यावर एकत्र राहण्याचे बंधन उरत नाही, आणि ‘नांदायला ये’ असा दावा लावून कोणी कोणाला ओढू शकत नाही. बाकीचे जवळजवळ सगळे कायम राहते. पती मृत्युपत्र न करता वारला तर अशी पत्नी विधवा म्हणून प्रथम वर्गाची वारस ठरते आणि मुले व सासू यांच्याबरोबर तिला वाटा मिळतो. घटस्फोटित पत्नीला या मार्गाने काहीच मिळत नाही. विभक्ततेच्या काळात दोघांपैकी कोणी दुसरे लग्न केले तर ते लग्न रद्दबातल ठरते आणि करणाऱ्याला द्विविवाहाच्या गुन्ह्यासाठी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोटगीचा प्रश्न मात्र या फरकावर फारसा अवलंबून नाही: कायमची पोटगी विभक्ततेच्या हुकूमनाम्याबरोबरही मागता येते आणि घटस्फोटाबरोबरही. दोघांचे पुन्हा जुळले तर न्यायालयाकडे अर्ज करून विभक्ततेचा हुकूमनामा रद्द करून घेता येतो, पुन्हा लग्न लावावे लागत नाही. घटस्फोटानंतर त्याच दोघांना एकत्र यायचे असेल तर नव्याने विवाह करणे भाग असते.

विभक्ततेपासून घटस्फोटाकडे जाणारा एक पूलही कायद्याने बांधलेला आहे. हुकूमनाम्यानंतर एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ दोघे पुन्हा एकत्र आले नाहीत, तर दोघांपैकी कोणीही केवळ त्या आधारावर घटस्फोट मागू शकतो. ज्याच्या चुकीमुळे विभक्तता दिली गेली तोही मागू शकतो, आणि गुंतागुंत तेथेच आहे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असे एक प्रकरण आले होते. पतीच्या व्यभिचारावरून पत्नीने विभक्तता मिळवली होती आणि न्यायालयाने पत्नी व मुलगी यांना दरमहा रक्कम देण्याचा आदेश पतीला दिला होता. त्याने ती दिली नाही, दुसऱ्या स्त्रीबरोबर राहणे चालूच ठेवले, आणि वर्ष उलटताच पुलावरून पलीकडे जाण्यासाठी घटस्फोटाचा अर्ज केला. स्वतःच्या गैरवर्तनाचा फायदा घेता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने त्याला नकार दिला. त्याआधी १९७७ मध्ये याच न्यायालयाने म्हटले होते की समेटाला नुसता प्रतिसाद न देणे म्हणजे असे गैरवर्तन नव्हे. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर रेषा दिसते: परत न जाणे हा गुन्हा नाही, पण न्यायालयाचा आदेश पायदळी तुडवून त्याच न्यायालयाकडे सुटका मागणे चालत नाही.

आता तिसऱ्या अवस्थेकडे, म्हणजे हुकूमनाम्याविना नुसते वेगळे राहण्याकडे वळू, कारण प्रत्यक्षात सर्वाधिक माणसे तिच्यातच आढळतात. २०११ च्या जनगणनेत स्वतःला विभक्त म्हणवणाऱ्यांची संख्या घटस्फोटितांच्या दुपटीहून अधिक होती, आणि त्यांतील कितीजणांकडे कोर्टाचा हुकूमनामा असेल याबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा आहे. महाराष्ट्रात अशा स्त्रीला ‘टाकलेली’ म्हणण्याची क्रूर रीत होती. १९८० च्या दशकात परित्यक्ता स्त्रियांच्या प्रश्नावर येथे चळवळ उभी राहिली, तेव्हा कोठे तिला प्रश्नाचे रूप मिळाले. या अवस्थेविषयीचा सर्वांत पसरलेला गैरसमज असा की सात वर्षे वेगळे राहिले की आपोआप घटस्फोट होतो. हा समज बहुधा कलम १३ मधील एका वेगळ्याच कारणातून आला असावा: ज्याचा सात वर्षे ठावठिकाणाच नाही, अशा जोडीदारापासून घटस्फोट मागता येतो. तोही मागावाच लागतो, आपोआप काहीही होत नाही. पंचवीस वर्षे वेगळी राहिलेली पत्नी कायद्याने पत्नीच असते.

नुसते वेगळे राहणे म्हणजे परित्यागही नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ सालीच स्पष्ट केले. तो खटला मुंबई प्रांताच्या १९४७ च्या कायद्याखालचा होता. मे १९४७ मध्ये मुंबईतील एक पत्नी घर सोडून जळगावला वडिलांकडे गेली. परदेशातून परतलेल्या पतीच्या हाती तिचे दुसऱ्या पुरुषाला लिहिलेले पत्र लागले होते आणि त्यावरून दोघांत बिनसले होते. पतीने जुलैमध्ये सॉलिसिटरकडून नोटीस पाठवली. पुढे माहेरच्यांनी तिला परत पाठवण्याची तयारी दाखवली, तेव्हा पतीने तार करून तिला पाठवू नका असे कळवले. चार वर्षांनी त्याने पत्नीने आपला परित्याग केला म्हणून घटस्फोट मागितला. एका न्यायाधीशाने तो दिला, खंडपीठाने उलटवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निकाल कायम केला. घर सोडणे आणि कायमचे सोडण्याचा इरादा असणे या दोन वेगळ्या गोष्टी असून परित्यागाला दोन्ही लागतात, असे तेथे ठरले. जिला परत यायचे होते आणि येऊ दिले गेले नाही, तिने परित्याग केला असे म्हणता येत नाही. मोडलेल्या संसाराच्या कोणत्याही खटल्यात ‘कोण घरातून गेले’ याहून ‘का गेले, आणि परतीचे दार कोणी लावले’ हा प्रश्न मोठा ठरतो तो यामुळेच.

हुकूमनाम्याविना वेगळे राहण्याला कायद्यात काहीच किंमत नाही असे मात्र नाही. वेगळ्या राहणाऱ्या पत्नीशी तिच्या संमतीविना पतीने शरीरसंबंध ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे आणि त्यासाठी हुकूमनामा असलाच पाहिजे अशी अट नाही. उलट बाजूने पाहिले तर, दोघांनी परस्परसंमतीने वेगळे राहण्याचे ठरवले असेल तर फौजदारी प्रक्रियेतून, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, पत्नीला निर्वाह खर्च मागता येत नाही. त्यामुळे ‘आम्ही आपसांत समजुतीने वेगळे राहत आहोत’ असे लिहून देण्यापूर्वी स्त्रीने वकिलाचा सल्ला घेणे बरे. याच जातीचा, पण अधिक घातक कागद म्हणजे नोटरीसमोर स्टॅम्प पेपरवर केलेला फारकतनामा. दोन साक्षीदार, दोन सह्या, गोल शिक्का, आणि ‘आजपासून उभयतांचा एकमेकांवर कोणताही हक्क राहिलेला नाही’ असे वाक्य. एवढ्यावर लोक दुसरे लग्न लावून मोकळे होतात. ज्या समाजात रूढीने घटस्फोट चालत आला आहे तेथे हिंदू विवाह कायदा त्या रूढीला मान देतो, पण ती रूढी जुनी आणि अखंड असल्याचे न्यायालयात सिद्ध करावे लागते. इतरांच्या बाबतीत त्या कागदाने विवाहाला ओरखडाही उठत नाही. नोटरींनी असे दस्त करू नयेत, असे केंद्रीय विधी मंत्रालयाला २०२४ मध्ये पुन्हा बजावावे लागले, यावरून हा प्रकार किती मुरला आहे ते कळते.

परस्परसंमतीच्या घटस्फोटात ‘वेगळे राहणे’ याला आणखी एक अर्थ येतो. अर्जापूर्वी किमान एक वर्ष दोघे वेगळे राहत असले पाहिजेत, अशी कलम १३ ब ची अट आहे. मुंबई-पुण्यातील घरभाडी पाहता दोघांना दोन घरे परवडतीलच असे नाही, आणि न्यायालयानेही तशी अपेक्षा ठेवलेली नाही: १९९१ च्या निकालानुसार वेगळे राहणे म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणे, मग ते एकाच छताखाली का असेना. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबण्याची तरतूद आहे. समेटाची शक्यता उरली नसेल आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे मिटले असेल तर न्यायालय ही मुदत माफ करू शकते, असे २०१७ मध्ये ठरले.

मग न्यायालयीन विभक्तता मागावी तरी कोणी? ज्यांचा धर्म घटस्फोट मान्य करत नाही, अशांसाठी ती मुळात घडवली गेली, आणि कॅथॉलिक देशांच्या इतिहासात तिचे महत्त्व स्पष्ट दिसते. आयर्लंडच्या संविधानात १९३७ पासून घटस्फोटाला बंदी होती. १९९५ च्या सार्वमतात ती अगदी निसटत्या बहुमताने उठली, तोपर्यंत मोडलेल्या संसारांना विभक्ततेवरच भागवावे लागले. फिलिपाइन्समध्ये मुस्लिम नागरिक वगळता इतरांना आजही सर्वसाधारणपणे विभक्तताच मिळते. आपल्याकडे वारसाहक्क हातचा जाऊ नये म्हणून, किंवा समेटाची आशा असताना मारहाणीपासून अंतर हवे म्हणून काही स्त्रिया तिचा विचार करतात, आणि ते विचार रास्त आहेत. परंतु ज्याला पुढे घटस्फोटच हवा आहे त्याने आधी विभक्तता मागणे म्हणजे तोच पुरावा देऊन अर्धेच फळ घेणे आणि उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा रांगेत उभे राहणे होय, असे मला वाटते. संसार पूर्णपणे मोडून पडला आहे, एवढे एकच कारण घटस्फोटाला पुरेसे मानावे अशी सूचना सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये केली होती. त्यासाठीचे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले, पण कायदा झाला नाही. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, आपल्या विशेषाधिकारात सर्वोच्च न्यायालय स्वतः या कारणावरून विवाह संपवू शकते, असा निर्णय दिला. कौटुंबिक न्यायालयाला तो अधिकार नाही.

विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांना, तसेच ख्रिस्ती आणि पारशी यांनाही दोन्ही उपाय आहेत. मुस्लिम स्त्रीसाठी असलेल्या १९३९ च्या कायद्यात विवाह संपवण्याची कारणे दिली आहेत, न्यायालयीन विभक्तता मात्र नाही. गोव्यात हिंदू विवाह कायदा लागू नसून तेथील घटस्फोटाचे मूळ १९१० च्या पोर्तुगीज हुकुमात आहे. पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असणे हा तेथील सर्वसाधारण नियम असल्याने वेगळे होताना मालमत्तेच्या वाटणीचा प्रश्न महाराष्ट्रापेक्षा अगदी वेगळ्या रीतीने सुटतो.

परदेशी गेलेल्या मराठी दांपत्यांना या शब्दांचा आणखी एक चकवा बसतो. अमेरिकेत ‘लीगल सेपरेशन’ अनेक राज्यांत मिळते, टेक्सासमध्ये ते नाही. आणि तेथील न्यायालयाने दिलेला घटस्फोट भारतात चालेलच याचीही खात्री नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्याच दुसऱ्या एका निकालानुसार, विवाह ज्या कायद्याखाली झाला त्या कायद्यातील कारणावर तो दिलेला असावा आणि दुसऱ्या पक्षाने त्या न्यायालयाचा अधिकार स्वेच्छेने मानलेला असावा, हे साधारणपणे आवश्यक आहे. एकाने तेथे एकतर्फी घटस्फोट घेतला आणि दुसरी नागपुरात बसून नोटिसांचे लिफाफे उघडत राहिली, तर तेथे अविवाहित ठरलेला माणूस येथे विवाहित राहू शकतो.

घटस्फोटाचा हुकूमनामा हाती आला तरी त्याच आठवड्यात दुसरे लग्न ठरवता येत नाही. अपिलाचा हक्क असेल तर त्याची मुदत, जी हिंदू विवाह कायद्यात ९० दिवसांची आहे, संपेपर्यंत, आणि अपील झालेच तर ते फेटाळले जाईपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे स्थळ पाहताना समोरचा ‘डिव्होर्स झालेला आहे’ असे म्हणाला तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागावी, तिच्यावरची तारीख पाहावी आणि अपील प्रलंबित आहे का ते विचारावे. ‘सेपरेटेड आहे’ एवढेच म्हणाला तर तो माणूस अजून विवाहित आहे असे धरून चालावे.